तळाचा भुगा

आमच्या घरात भाऊच का मरतात?

हा प्रश्न मी आईला विचारला. ती पायाने माती उकरत राहिली. बहिणींना विचारला, त्या सावलीला निघून गेल्या. आम्हाला दाणे टाकणाऱ्या म्हातारीसमोर उभा राहून मान ताणून विचारला. तिला वाटलं मला भूक लागली आहे. तिने आणखी एक मूठ टाकली.

मी एक कोंबडा बोलतोय. गावरान, तांबडा, शेपटीला काळी पिसं. वय आठ महिने. शिक्षण म्हणाल तर आमच्या खुराड्याची भिंत अंगणवाडीला लागून आहे, तिथून जेवढं कानावर पडलं तेवढंच. वीसपर्यंत आकडे येतात. आमच्या घरच्यांना मोजायला ते पुरायचे. आता त्यातले चार उरतात.

मला नीट लावून सांगता येणार नाही. मध्येच राग येतो, मग मी भलतंच करून बसतो. पण भाऊ माझे होते, तेव्हा सांगायचंही मीच.

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना रस्ता सोडून आत आलं की आमचं गाव लागतं. गावाच्या कडेला चंद्रव्वाचं पत्र्याचं घर आहे. घरामागे कडुलिंब, कडुलिंबाखाली आमचं खुराडं. चंद्रव्वा म्हातारी आहे, पण पहाटे आमच्या आधी उठते. तिचा मुलगा महेश्वर सोलापुरात फरशी कापायच्या कारखान्यात जातो आणि संध्याकाळी पांढरा होऊन परत येतो, भुवयांसकट. त्याची बायको सोनाली माढ्याकडची. ती शिकलेली आहे, कमी बोलते आणि आमच्याकडे जास्त बघते.

चंद्रव्वाच्या कळपात अंडी देणाऱ्या अकरा जणी होत्या. त्यात माझी आई, मावश्या आणि मोठ्या बहिणी. आम्ही चार भाऊ: थोरला, काळा, कवड्या आणि मी. फाल्गुनात आणखी चार पिल्लं निघाली, चारही धाकटे भाऊच. सगळे एकत्र हिंडायचो आणि एकाच घमेल्यात खायचो.

आम्हा नरांना कशासाठी ठेवतात ते मला माहीत आहे. एक-दोघे अंड्यांत जीव धरायला, बाकीचे आखाडासाठी. आखाडात गावाला कोंबडा लागतो. त्याचं मी काही म्हणत नाही. सुरी येते तेव्हा निदान ती दिसते.

थोरला माझ्यापेक्षा एका उबवणीने मोठा. त्याच्याइतका उंच आवाज गावात कुणाला नव्हता. पण मला त्याचा आवाज आठवत नाही, त्याचं खाणं आठवतं. चंद्रव्वाने घमेलं ठेवलं की तो सगळ्यांत आधी धावायचा आणि खायचा मात्र सगळ्यांत शेवटी. एक दाणा चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा आणि बारीक आवाजात बहिणींना बोलवायचा. त्या आल्या की मागे सरकून उभा राहायचा. वर घार फिरते का बघायचा. सगळ्यांची पोटं भरली की मग तळाला जे असेल ते खायचा.

"असं का करतोस?" मी त्याला विचारलं होतं.

"कोंबडा असंच खातो," तो म्हणाला.

मी तसं खात नव्हतो. मी बहिणींच्या पायांतून घुसायचो, पाठीवर चढायचो, वरचे मक्याचे तुकडे पळवायचो. आई मला टोचायची. थोरला टोचायचा नाही. म्हणायचा, "खाऊ दे त्याला, लहान आहे."

चैत्र लागला आणि पत्र्याखाली भाजून निघायला लागलं. बहिणींनी चोची उघड्या टाकल्या. तेव्हापासून अंडी पातळ यायला लागली. चंद्रव्वाने हातात घेतलं की अंडं दबायचं. एकदा तर कवचच नव्हतं, नुसती पातळ पिशवी. ती तळहातावर घेऊन चंद्रव्वा बराच वेळ बसली.

शेजारचा तिप्पण्णा कुंपणापाशी तंबाखू मळत उभा होता. त्याला दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय तंबाखू लागत नाही.

"अक्का, चुना कमी पडतोय ह्यास्नी," तो म्हणाला. "माझ्यावानीच हाय बघ. चुन्याबिगर चालंना."

"मग दे की तुज्या डबीतला."

"माझा दिला तर मलाच अंडी घालाय बसावं लागंल."

सोनाली पदर तोंडाला लावून आत गेली. चंद्रव्वाही हसली. त्या दिवशी सगळेच हसत होते.

महेश्वरने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी गाडीवर मागे बांधून त्याने एक पोतं आणलं. "अव्वा, शहाबादी फरशीचा भुगा हाय. चुनखडीच की ती. कारखान्यात ढीग लागल्यात, कोन इचारत न्हाई." भुगा राखाडी होता आणि पिठासारखा बारीक. पोतं खाली टाकलं तसा धुरळा उठला, महेश्वर खोकला आणि थोरला दोन पावलं मागे सरला.

चंद्रव्वाने ज्वारीच्या कणीत आणि मक्याच्या भरड्यात दोन मुठी भुगा टाकला. हाताने वरखाली केला आणि घमेलं आमच्यापुढे ठेवलं.

पंधरा दिवसांत अंडी टणक झाली. चंद्रव्वा एक अंडं दुसऱ्यावर हलकेच वाजवून दाखवायची आणि समाधानाने मान डोलवायची. औषध खरंच होतं. म्हणून कुणाला त्याची भीती वाटली नाही.

भुगा कोरडा होता आणि कणी जाड. अकरा चोची घमेल्यात टोचायला लागल्या की दाणे वर राहायचे आणि भुगा खाली उतरायचा. बहिणी दाणे खाऊन बाजूला व्हायच्या. तळाला राखाडी थर उरायचा, त्यात थोडी कणी. मग थोरला पुढे यायचा. तो एकेक कणी वेचायचा, भुग्यासकट.

हे मी रोज बघत होतो. बघून काही कळत नव्हतं.

वैशाखात थोरला पाण्यापाशी जास्त वेळ उभा राहायला लागला. पाणी प्यायचा, थांबायचा, पुन्हा प्यायचा. त्याची विष्ठा पांढरी पडायला लागली, चुन्याच्या निवळीसारखी. तुरा काळपट झाला. छातीचं हाड हाताला लागेल इतकं वर आलं. पण चंद्रव्वा आली की तो सरळ उभा राहायचा, पंख आवळून, मान वर. आमच्या जातीत आजार दाखवत नाहीत. जो दाखवतो त्याला इतर टोचतात आणि घार त्यालाच उचलते. अंड्यातून निघाल्यापासून हेच शिकतो आम्ही.

एका दुपारी तो पाण्याच्या भांड्याशेजारी बसला आणि उठला नाही. मी त्याला टोचलं. मग दुसऱ्या बाजूने टोचलं. बहिणी आल्या, बघून गेल्या. मी त्याच्यापुढे मक्याचा तुकडा आणून टाकला, उचलला, पुन्हा टाकला, तो जसा बोलवायचा तसा बोलवला. संध्याकाळी चंद्रव्वाने त्याला पायाला धरून उचललं तेव्हा त्याची मान लोंबत होती.

तिने कडुलिंबापलीकडे खड्डा केला, मीठ टाकलं, त्याला टाकलं. ती माती लोटत होती तेव्हा मी उडालो आणि दोन्ही पायांनी तिच्या हातावर बसलो. रक्त आलं. तिने मला झटकलं, पण मारलं नाही. हाताकडे बघत म्हणाली, "ह्यो माजलाय. आखाडात पयला ह्योच."

मला आखाडाचं काही वाटलं नाही. मला तो खड्डा उघडा हवा होता.

थोरल्यानंतर त्याची जागा काळ्याने आणि कवड्याने घेतली. दोघं मिळून बहिणींना बोलवायचे, मागे उभे राहायचे आणि तळाचं खायचे. मीही अधाशीपणा सोडला. मला वाटलं, आता आपण मोठं व्हावं, थोरला असता तर त्याला बरं वाटलं असतं. म्हणून मीही शेवटी खायला लागलो.

ज्येष्ठात काळा गेला. मग आठ दिवसांनी कवड्या. तसंच सगळं. पाणी, पांढरं, काळपट तुरा, मग मीठ टाकलेला खड्डा. अकरा बहिणी-मावश्यांपैकी एकीचं पीससुद्धा वाकडं झालं नाही.

घरात बोलणी सुरू झाली. महेश्वर म्हणाला उन्हाने. तिप्पण्णा म्हणाला मानमोडीची साथ. सोनाली म्हणाली, "मानमोडी असती तर सगळ्यांनाच झाली असती की. आणि लस टोचलीय मी." चंद्रव्वाने खुराड्याला लिंबू-मिरची बांधली.

तेव्हा तिप्पण्णा कुंपणावरून बोलला. त्याला चेष्टाच करायची होती. "अक्का, तुज्या घरात गडी टिकतच न्हाईत की. मानसातलं ऱ्हाऊ दे, कोंबड्यांतलं पन."

चंद्रव्वाचा सासरा लवकर गेला होता, नवरा चाळिशीच्या आत. हे मला अंगणवाडीतल्या बायकांच्या बोलण्यातून कळलं होतं. तिप्पण्णाचं बोलणं ऐकून ती भुग्याच्या पोत्यापाशी बसून राहिली. आत महेश्वर खोकत होता. ती त्या आवाजाकडे मान वळवून ऐकत होती. मग म्हणाली, "आनखी जरा बोलून बग आता."

"चेष्टा केली अक्का."

"जा घरला."

त्या दिवसापासून ती आम्हा नरांसाठी वेगळा गोळा करायला लागली. भरडा पाण्यात कालवायची, त्यात ओंजळभर भुगा मळायची आणि उरलेल्या आम्हा पाच भावांपुढे हाताने ठेवायची. "खावा रे बाबांनो. हाडं घट हुत्याल." गोळ्यावर तिच्या बोटांचे ठसे असायचे. माझ्या आयुष्यात आमच्यावर इतकी माया कुणी केली नव्हती. धाकटे आनंदाने खायचे.

मी पण खाल्लं. मला काय ठाऊक.

कळलं ते एका बहिणीमुळे. भुग्याचं पोतं ओसरीच्या कोपऱ्यात होतं आणि उंदराने त्याला भोक पाडलं होतं. माझी एक बहीण अंडं घालण्याआधी रोज तिथे जायची, चार-पाच चोची भुगा खायची आणि निघून यायची. दुसरी यायची, ती पण तसंच. ज्या दिवशी अंडं नसायचं त्या दिवशी पोत्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. आणि आमच्यापैकी एकही नर आपणहून त्या पोत्याकडे कधी गेला नव्हता. थोरला तर पहिल्याच दिवशी मागे सरला होता.

मी तिथेच उभा राहिलो. ज्यांना हवा आहे त्या आपणहून जाऊन खातात. आम्हाला नको आहे, पण आमच्या ताटात कालवून येतो. बहिणींच्या पोटातला भुगा अंड्याचं कवच होऊन बाहेर पडतो. आमच्या पोटातला कुठून पडणार?

मग मला तळाचा थर आठवला. जो सगळ्यांत शेवटी खायचा तो सगळ्यांत आधी गेला. मी अधाशी होतो, वरचं ओरबाडून खायचो, म्हणून मागे राहिलो. थोरला म्हणाला होता, खाऊ दे त्याला. ते आठवून मी त्या दिवशी एका मावशीला उगाच रक्त येईपर्यंत टोचलं.

दुसऱ्या दिवशी गोळे आले तेव्हा मी ते पायाने मातीत विस्कटले आणि घमेल्यावरून बहिणींना हुसकलं. आई आली, तिलाही पंख मारला. आधी धाकट्यांना खाऊ घातलं, वरचे दाणे, कोरडे. तळाचं बहिणींना राहिलं. त्यांना ते चालतं. कोंबड्याने असं वागायचं नसतं, माझी मलाच लाज वाटत होती. आई दिवसभर माझ्याजवळ फिरकली नाही.

चार दिवस असं जमलं. मग चंद्रव्वाच्या लक्षात आलं की तळाला भुगा तसाच राहतोय. आता तिने सगळंच पाण्यात कालवायला सुरुवात केली. वर खाली काही राहिलं नाही. प्रत्येक घासाला भुगा.

मी घमेलं उलथलं. तिने गोळा केलं, पुन्हा भरलं. मी पुन्हा उलथलं. मग तिने मला धरायला पाहिलं, मी पत्र्यावर गेलो, तिथून कडुलिंबावर, तिथून तिप्पण्णाच्या अंगणात. मला कुणी कधी धरू शकलेलं नाही. शेवटी महेश्वरने जाळं टाकलं. मला डालग्याखाली कोंडलं आणि वर दगड ठेवला. डालग्याच्या फटीतून मला दिसत होतं, धाकटे गोळे खात होते. चंद्रव्वा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी ओरडलो, इतका ओरडलो की अंगणवाडीतली पोरं भिंतीवरून बघायला आली.

"लई पिसाळलाय," चंद्रव्वा त्यांना म्हणाली.

डालग्यातून सुटलो त्या दिवशीच मला पहिल्यांदा तहान लागली. नेहमीची नाही. पाणी पिऊन भागत नाही तशी. दोन दिवसांनी पाय जड झाले. गुडघ्याखालचे सांधे सुजले. विष्ठा पांढरी. मी कुणाला दाखवलं नाही. चंद्रव्वा आली की सरळ उभा राहायचो. सोनाली आली की आणखी सरळ.

परवा सोनाली पायरीवर बसून ज्वारी निवडत होती. तिने मोबाईल मांडीवर ठेवला होता आणि त्यातून जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचा आवाज येत होता. मी पायरीखाली होतो.

"किती मेले?"

"तीन. सगळे नरच मॅडम. माद्यांना काहीच नाही."

"खायला काय घालता?"

"ज्वारीची कणी, मका. आणि फरशीचा भुगा. अंडी पातळ येत होती म्हणून."

"सगळ्यांना एकत्र?"

"एकाच घमेल्यात. आणि नरांना आता जास्तीचा."

 मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "अंडी देणारीला तो लागतो. न देणाऱ्याला इतका झेपत नाही. नर असो नाहीतर लहान पिल्लू असो, मूत्रपिंड जातं, आत पांढरं साठतं. पण हे मी फोनवर ठाम सांगणार नाही. दुसरंही काही असू शकतं. आजारी असेल तो जिवंत आणा. मेलेला आणणार असाल तर लगेच, मीठ टाकून पुरलेला नको. कसाही आणलात तरी उघडूनच बघावं लागेल, मग सांगते."

चंद्रव्वा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे मी मारलं म्हन की," ती म्हणाली.

"तसं न्हाई म्हणत मी आत्या."

"माझ्या हातानं चारलं मी त्यास्नी. रोज. ह्या हातानं."

"म्हाईत हाय मला. म्हणूनच एकदा बघू की. मला पन वाटतंय मॅडमचं चुकावं."

महेश्वर मध्ये पडला नाही. तो डोक्यावरचा पांढरा धुरळा झटकत राहिला. त्यानेच तो भुगा आणला होता.

चंद्रव्वा आत जाऊन चुलीतलं लाकूड मागे ओढून आली. शेवटी म्हणाली, "बरं. न्ये एक. एकच. आत पांढरं निगालं तर उद्यापासनं भुगा बंद. पन चांगला असला आतनं, तर परत माझ्या घमेल्याला हात लावायचा न्हाई. बोलली न्हाई पायजेस त्यावर."

"व्हय," सोनाली म्हणाली.

असं ठरलं. एकच जाणार आणि त्याच्या पोटात जे दिसेल त्यावर माझ्या चार धाकट्यांचं जगणं-मरणं.

इथवर तुम्ही ऐकलंत, म्हणून एक मागून घेतो. तुमच्या दारात आमच्यासारखं कुटुंब असेल, नर आणि माद्या एकत्र, तर त्यांना वेगळं करू नका. आम्हाला एकमेकांशिवाय करमत नाही. फक्त दोन भांडी ठेवा. एकात सगळ्यांचं खाणं, त्यात चुना नको. दुसऱ्यात चुन्याचे खडे, शिंपल्यांचा चुरा, काय मिळेल ते, बाजूला. जिला हवं ती जाऊन खाईल. कुणी तिला सांगावं लागत नाही. आणि कुणी तळाचं खात असेल तर एकदा वाकून बघा, तळाला काय आहे.

आज सकाळी महेश्वरने गाडी अंगणात काढली. सोनाली खुराड्यापाशी आली. हातात झाकणाची टोपली होती. ती आजारी कोण ते शोधत होती. मी नेहमीसारखा उभा होतो, मान वर, पंख आवळलेले. तिची नजर माझ्यावरून सरकून गेली.

आणि धाकट्यावर थांबली.

चौघांतला सगळ्यांत लहान. तो लंगडत होता. पण त्याला काही झालेलं नाही. काल बांधावर बाभळीचा काटा त्याच्या पायात मोडला, मी तिथेच होतो. अजून त्याचा तुरा लालभडक आहे. त्याला उघडलं असतं तर आत काहीच दिसलं नसतं, दिसायला वेळ लागतो. मग चंद्रव्वा जिंकली असती. संध्याकाळी पुन्हा गोळे आले असते, तिच्या बोटांच्या ठशांचे.

"पाय सुजलाय बघा याचा," सोनाली म्हणाली आणि तिने धाकट्याला उचललं. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

माझ्या अंगात उडी आली. तिच्या हातावर बसावं, चोच मारावी, त्याला सोडवावं. मी पंख उघडलेसुद्धा. पण मग ती म्हणाली असती, हा माजलाय, आणि त्यालाच घेऊन गेली असती. इतका तरी शिकलोय मी आता.

मी पंख सोडले, आवळले नाहीत, खाली लोंबू दिले. मान सोडली. इतके दिवस जे धरून ठेवलं होतं ते सगळं सोडलं. एका बहिणीने लगेच येऊन मला टोचलं. मी टोचू दिलं. मग सगळ्यांच्या देखत, बहिणींच्या, आईच्या, चंद्रव्वाच्या, मी लंगडत, पडत, सोनालीच्या पायांपर्यंत चालत गेलो.

"अगं बाई, हा," ती म्हणाली. "हा तर कधी हाताला लागत नाही."

चंद्रव्वा पुढे आली. माझ्या शेपटीखालची पांढरी, चिकटलेली पिसं तिने पाहिली. काळपट तुरा पाहिला. तिच्या हातावर माझ्या नख्यांचा वण होता, तो हात तिने माझ्याकडे केला आणि मध्येच थांबवला. "ह्यालाच न्ये," ती हळू म्हणाली. "सोड त्याला."

सोनालीने धाकट्याला खाली ठेवलं. तो लंगडत पळाला, थेट घमेल्याकडे. अजून त्याला काही समजत नाही. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण माझा आवाज गेला आहे.

डॉक्टरबाई मला उघडतील तेव्हा त्यांना जे दिसायचं ते दिसेल. मला ते कुणी सांगणार नाही. आई आज पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती.

सोनाली खाली बसली. तिने टोपली आडवी केली आणि मला धरायला दोन्ही हात पुढे आणले, सावकाश, मी उडून जाईन या भीतीने. मी तिला धरू दिलं नाही. आपणच आत गेलो, खाली बसलो आणि दोन्ही सुजलेले पाय तिला नीट दिसतील असे पुढे पसरले.